पाठ ६ : आरोग्य विमा – बचतीभोवतीचे कुंपण

या पाठात आपण पाहू :
• दवाखान्याच्या बिलाचा घरच्या बचतीवर काय परिणाम होतो
• तुम्हाला आधीपासून कोणते संरक्षण मिळालेले असू शकते
• पॉलिसी घेताना कोणत्या अटी वाचायच्या
• फॉर्म भरताना खरे का सांगायचे
• दावा कसा करायचा आणि तो नाकारला गेला तर कोठे जायचे

१. बचत आहे, मग विमा कशाला?

मागील पाठांत आपण आवर्ती ठेव, मुदत ठेव आणि बचत गट यांची माहिती घेतली. दरमहा १,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकणारे कुटुंब पाच वर्षांत ६०,००० रुपये आणि त्यावरील व्याज जमवते. आता समजा, घरातील एका माणसाचे मोठे ऑपरेशन निघाले आणि बिल झाले २,५०,००० रुपये. पाच वर्षांची शिस्त एका आठवड्यात संपते, आणि वर दीड लाखाहून अधिक रक्कम उभी करावी लागते. मग मुदत ठेव मोडली जाते, दागिने तारण जातात, नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो, नाहीतर सावकाराचे दार गाठावे लागते. रुग्ण बरा होऊन घरी येतो, पण कर्जाचे हप्ते पुढे कित्येक वर्षे चालू राहतात.

ही वेळ थोड्या घरांवर येते असे नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे. तरीही १०० रुपयांतले जवळजवळ ४० रुपये आजही घरातूनच जातात.

शेतात पीक चांगले आले तरी कुंपण नसेल तर एका रात्रीत गुरे ते खाऊन टाकतात. बचत हे पीक आहे आणि आरोग्य विमा हे त्याचे कुंपण. कुंपणातून उत्पन्न येत नाही. वर्षभर कोणी आजारी पडले नाही, तर भरलेला हप्ता परत मिळत नाही. म्हणून तो वाया गेला असे समजू नका. त्या वर्षी तुमची ठेव सुरक्षित राहिली, हाच त्याचा मोबदला आहे.

२. आधी पाहा : तुम्हाला संरक्षण आहे का?

पॉलिसी विकत घेण्याआधी घरातील प्रत्येकाला कोणते संरक्षण आधीपासून आहे, याची यादी करा. अनेक कुटुंबांचा हक्क असतो, पण कार्ड काढलेले नसते.

(अ) आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना
ही योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. कुटुंबात किती माणसे आहेत आणि त्यांची वये काय आहेत, यावर मर्यादा नाही. आधीपासून असलेल्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधेही त्यात येतात.

कामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हे कार्ड योजनेत सहभागी असलेल्या राज्यांतील कोणत्याही नोंदणीकृत रुग्णालयात चालते. कार्ड बीडमध्ये निघाले आणि काम सुरतेत असले, तरी सुरतेतील नोंदणीकृत रुग्णालयात उपचार घेता येतात.

७० वर्षे व त्यावरील प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला ऑक्टोबर २०२४ पासून या योजनेत घेतले आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि वय आधार कार्डावरून धरले जाते. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर घरातील ७० वर्षांवरील व्यक्तींसाठी वर्षाला वेगळे ५ लाख रुपये मिळतात. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते. पात्रता आयुष्मान ॲपवर, सामाईक सेवा केंद्रात किंवा १४५५५ या क्रमांकावर तपासता येते.

(ब) राज्याची योजना
अनेक राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ती आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालवली जाते. नोंदणीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होताना शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी त्यांना भेटा. राज्याच्या योजनांचे नियम राज्यागणिक बदलतात. तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर तेथील योजनेची चौकशी स्वतंत्रपणे करा.

(क) कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय
दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेला कारखाना, दुकान किंवा हॉटेल यांत तुम्ही नोकरी करत असाल आणि वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तुमची ईएसआय कपात व्हायला हवी. तुमच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० रुपये वेतनावर तुमचा वाटा महिन्याला ११२ रुपये ५० पैसे होतो. एवढ्यात स्वतःला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणात पगार बंद झाला, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. पगारपत्रकावर कपात दिसत असेल, तर ई-पहचान कार्ड काढले आहे का आणि त्यात घरच्यांची नावे घातली आहेत का, ते पाहा.

(ड) नोकरीच्या ठिकाणची किंवा बँकेमार्फत घेतलेली गट पॉलिसी
ही स्वस्त पडते, पण नोकरी सुटली किंवा गट बंद झाला की संरक्षणही संपू शकते. अशा वेळी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे वेळेत विचारा.

एक गैरसमज दूर करू. पासबुकात दरवर्षी २० रुपये आणि ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसते, म्हणून अनेक खातेदार ‘आमचा विमा आहे’ असे सांगतात. २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे. ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये देते. दोन्ही चांगल्या आहेत, त्या चालू ठेवा. पण यांपैकी एकही दवाखान्याचे बिल भरत नाही.

३. पॉलिसी घेताना कोणत्या अटी वाचायच्या?

सरकारी संरक्षण नसेल किंवा ते पुरेसे वाटत नसेल, तर स्वतःची पॉलिसी घ्यावी. हप्ता किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यासोबत पुढील अटीही पाहा. पॉलिसीसोबत ‘ग्राहक माहिती पत्रक’ मिळते. त्यात या सर्व गोष्टी थोडक्यात दिलेल्या असतात. ते पत्रक मागून घ्या.

प्रतीक्षा कालावधी. पॉलिसी घेतल्यापासून साधारण पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांना संरक्षण नसते. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठरावीक आजारांसाठी आणि आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी आणखी थांबावे लागते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार हा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. म्हणजे आजार झाल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. धडधाकट असताना घेतली, तरच वेळेवर कामी येते.

सह-भरणा, म्हणजे को-पे. दाव्यातील ठरावीक हिस्सा तुम्ही भरायचा असतो. ५ टक्के को-पे असेल, तर मंजूर झालेल्या १ लाख रुपयांपैकी ५,००० रुपये तुमचे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हा आकडा मोठा असू शकतो.

खोलीच्या भाड्याची मर्यादा. सर्वांत जास्त भांडणे याच अटीवरून होतात, म्हणून ती उदाहरणाने समजून घेऊ. ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांसाठी सारख्या अटींची ठरवून दिलेली पॉलिसी एप्रिल २०२० पासून मिळू लागली. तिच्यात खोलीचे रोजचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये, इतकेच मान्य होते. को-पे ५ टक्के आहे.

समजा विमा रक्कम २ लाख रुपये आहे. मग खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये होते. रुग्ण पाच दिवस दाखल होता आणि घरच्यांनी ८,००० रुपयांची खोली घेतली. बिल असे झाले :

खोली : ८,००० × ५ = ४०,००० रुपये
डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग : ६०,००० रुपये
औषधे व तपासण्या : ३०,००० रुपये
एकूण : १,३०,००० रुपये

घरच्यांना वाटते, खोलीचे जास्तीचे २०,००० रुपये तेवढे आपण भरू. प्रत्यक्षात तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा धरला जातो. औषधे आणि तपासण्या यांना ही कपात लागत नाही. हिशेब असा होतो :

खोली : २०,००० रुपये मान्य
डॉक्टर, थिएटर, नर्सिंग : ३०,००० रुपये मान्य
औषधे व तपासण्या : ३०,००० रुपये मान्य
एकूण मान्य : ८०,००० रुपये
को-पे ५ टक्के वजा : ४,००० रुपये
कंपनी देणार : ७६,००० रुपये
घरातून जाणार : ५४,००० रुपये

तीच खोली ४,००० रुपयांची घेतली असती आणि बाकी खर्च तेवढाच राहिला असता, तर बिल १,१०,००० रुपये झाले असते. ते सगळे मान्य होऊन फक्त को-पेचे ५,५०० रुपये घरातून गेले असते. खोलीच्या भाड्यातला फरक २०,००० रुपयांचा, पण घरावरचा बोजा ४८,५०० रुपयांनी वाढला. (विमा देत नाही अशा हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचा खर्च येथे धरलेला नाही.)

म्हणून दाखल होताना काउंटरवर पहिला प्रश्न हा विचारा : “माझ्या पॉलिसीत दिवसाला इतके रुपये बसतात, त्यात कोणती खोली मिळेल?” पॉलिसी घेतानाच ही मर्यादा पाहिली असेल, तर आणखी उत्तम.

४. फॉर्मवर खरे लिहा, आणि स्वतः लिहा

प्रस्ताव अर्जात विचारलेले असते : मधुमेह आहे का? रक्तदाब? पूर्वी ऑपरेशन झाले आहे का? तंबाखू खाता का? अनेकदा अर्ज दुसराच कोणीतरी भरतो. “सगळीकडे ‘नाही’ लिहू, हप्ता कमी बसेल,” असे सांगितले जाते आणि आपण सही करतो.

दोन वर्षांनी हृदयविकाराचा झटका येतो. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टर लिहितात, “मधुमेह, पाच वर्षांपासून.” ते रुग्णानेच सांगितलेले असते, कारण उपचारासाठी डॉक्टरांना खरे सांगावेच लागते. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते. एकावर ‘नाही’ आहे, दुसऱ्यावर ‘पाच वर्षांपासून’. मग दावा अडतो. ज्याने अर्ज भरला तो त्या वेळी समोर नसतो, आणि सही तर तुमची असते.

खरे सांगितले असते, तर काय झाले असते? कदाचित हप्ता थोडा वाढला असता आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी थांबावे लागले असते. ते थांबणे संपले की दावा करण्याचा तुमचा हक्क पक्का होतो. आजार लपवून वाचलेले काही शे रुपये शेवटी लाखांना पडतात.

नियम तुमच्या बाजूनेही आहेत. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की त्यानंतर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तसेच पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. त्या ३० दिवसांत एक संध्याकाळ काढा आणि अर्जाची जोडलेली प्रत तपासा. चूक दिसली, तर लेखी कळवून दुरुस्त करून घ्या.

५. हप्ता थकू देऊ नका

पॉलिसी तुटली, की जमा झालेला प्रतीक्षा कालावधीही हातचा जाऊ शकतो. वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची आणि मासिक हप्त्यासाठी १५ दिवसांची सवलत मिळते. पण तिच्यावर विसंबू नका. समजा हप्ता वर्षाला १२,००० रुपये आहे. दरमहा १,००० रुपयांची आवर्ती ठेव नूतनीकरणाच्या महिन्यात संपेल अशी लावा. हप्ता भरायच्या दिवशी पैसे तयार असतील.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरील जीएसटी शून्य झाला आहे. पूर्वी तो १८ टक्के होता. हप्ता भरताना पावतीवर हे पाहा. सध्याची कंपनी पसंत नसेल, तर नूतनीकरणाच्या आधी दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेता येते, आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी सोबत येतो.

६. दवाखान्यात काय करायचे?

कॅशलेस : कंपनीच्या यादीतील रुग्णालयात विमा विभागाकडे कार्ड आणि ओळखपत्र द्या. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी मंजुरी आधीच घ्या. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. कंपनीने याहून उशीर केल्यामुळे रुग्णालयाने जास्त पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे आहेत.

परतफेड : यादीबाहेरच्या रुग्णालयात आधी बिल भरून नंतर दावा करावा लागतो. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पावत्या, तपासणी अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. दिलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत किंवा फोटो घरी ठेवा.

पैशांअभावी उपचार थांबू नयेत, यासाठीही काही आधार आहेत. अपघातातील जखमीला वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही. त्यासाठी जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधे घ्यावीत. ती नामांकित ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा.

७. दावा नाकारला तर?

पहिली पायरी : नकार लेखी मागा. पॉलिसीतील कोणत्या कलमाने नाकारला, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे.
दुसरी पायरी : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.
तिसरी पायरी : एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे जा. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करा. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. शुल्क नाही आणि वकील लावायची गरज नाही. मुंबई आणि पुणे यांसह देशातील अनेक मोठ्या शहरांत लोकपालांची कार्यालये आहेत. तुम्ही राहता त्या भागासाठी नेमलेल्या कार्यालयात अर्ज द्या.

लक्षात ठेवा
• आधी सरकारी हक्क तपासा, मग पॉलिसी विकत घ्या.
• निरोगी असताना पॉलिसी घ्या आणि अर्जात आजार लपवू नका.
• खोली घेण्याआधी तिच्या भाड्याची मर्यादा पाहा.
• विमा असला तरी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात वेगळा ठेवा. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि को-पे यांसाठी तो लागतोच.
• पॉलिसी कोठे ठेवली आहे, हे घरातील दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या. दाखल झालेला माणूस कपाट उघडायला येऊ शकत नाही.

स्वतः करून पाहा
१. घरातील प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे आयुष्मान, ईएसआय, गट पॉलिसी, स्वतःची पॉलिसी किंवा काहीच नाही, असे लिहा. ज्याच्यापुढे ‘काहीच नाही’ येईल, त्याच्यापासून सुरुवात करा.
२. पॉलिसी असेल, तर तिच्यातील खोलीची मर्यादा, को-पे आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी शोधून पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.
३. विमा रक्कम ३ लाख रुपये असेल, तर आरोग्य संजीवनी पॉलिसीत खोलीची मर्यादा किती? (उत्तर : २ टक्क्यांनी ६,००० रुपये होतात, पण कमाल मर्यादा ५,००० रुपयांची आहे. म्हणून ५,००० रुपये.)